नाय, की दिसत नाय?

कंपनीच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काल कुरिअरने घरी आली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर मालकांचा हसरा फोटो, आणि आत कुठेतरी 'आमचे गमतीदार सहकारी' या मथळ्याखाली दीड पान मजकूर. त्यातले तीन परिच्छेद टिंबेसाहेबांवर. ते कॅन्टीनमध्ये कसे भांडायचे, एसटीच्या खिडकीवर कसे अडून बसायचे, आणि शेवटी 'असे हे आमचे हसतमुख टिंबेसाहेब!'

हसतमुख! मी अकरा वर्षं त्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर काढली. त्यांना हसताना मी दोनदा पाहिलंय, आणि त्यातल्या एकदा त्यांना ठसका लागला होता. ज्याने हे लिहिलं त्याला मी लगेच फोन लावला. तो म्हणाला, "अगं, गंमत म्हणून लिहिलं. एवढं काय मनावर घेतेस?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाचा राग काढून टाकून मागे काय उरवलंत तुम्ही? नुसती त्यांची छत्री आणि चष्मा. म्हणून हे लिहायला बसले आहे, आणि हे काही गोड लिहिणं होणार नाही.

मुळात त्यांचं आडनाव टिंबे नव्हतंच. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या केमिकल कंपनीत ते कॉम्प्युटर विभाग सांभाळायचे. विभाग म्हणजे ते, मी आणि एक एसी. सर्व्हर जुन्या युनिक्सवर चालायचा. त्या युनिक्सची एक खोड अशी की ज्या फाइलच्या नावाची सुरुवात टिंबाने होते, ती यादीत दिसत नाही. फाइल असते, जागा खाते, काम करते. पण 'एलएस' असं टाइप करून यादी मागितली की ती वगळून बाकीची नावं येतात. ती बघायची तर पुढे 'मायनस ए' असं मुद्दाम लिहावं लागतं. सगळ्या जगाने ही गोष्ट मान्य केलेली आहे. आमच्या सरांनी केली नव्हती. ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी टिंबावर दीड तास व्याख्यान द्यायचे. त्यावरून कामगारांनी त्यांना टिंबे करून टाकलं, आणि हे नाव इतकं रुजलं की बाहेरगावची कुरिअरसुद्धा 'श्री. टिंबे' या नावाने यायची. ते सही करून घ्यायचे.

"यामागे काही विचार असेल असं वाटतं ना तुला?" पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं. "अजिबात नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये दोन नोंदी आपोआप असतात. एक टिंब म्हणजे ते फोल्डर स्वतः, आणि दोन टिंबं म्हणजे त्याच्या वरचं. या दोन नोंदी यादीत उगाच येतात म्हणून कोणीतरी त्या गाळायचं ठरवलं. पूर्ण नाव तपासायचं तर दोन ओळी जास्त लिहाव्या लागल्या असत्या. पठ्ठ्याने नुसतं पहिलं अक्षर तपासलं. टिंब दिसलं की गाळ! दोघांना बाहेर ठेवायला गेला आणि सगळ्या वाडीला दार लावून बसला. मग लोक म्हणाले, वा, सोय झाली! एका माणसाचा आळस, आणि जगाला कायदा!" शेवटच्या वाक्याला त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की माझ्या चहाचा कप बशीत कलंडला. कप उचलायला ते थांबले नाहीत.

याच रागातून त्यांचा तो प्रश्न आला होता, ज्यावर स्मरणिकेत सगळे हसलेत. कोणी कशालाही 'नाही' म्हटलं की ते विचारायचे, "नाय, की दिसत नाय?" एरवी अगदी शुद्ध बोलणारा माणूस, पण हा प्रश्न मात्र कायम पोलादपुरातल्या त्यांच्या वाडीच्या बोलीत. कॅन्टीनमधला पोऱ्या म्हणाला, "साहेब, उसळ संपली, नाय आता," की हे आत जाऊन पातेल्याचं झाकण काढून बघणार. एसटीच्या चौकशीच्या खिडकीवर "गाडी नाही" ऐकलं की, "गाडी नाय, की तुमच्या कागदावर दिसत नाय?" औषधाच्या दुकानात तेच. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, नाही म्हणजे नाही! कपाट उघडून दाखवू का?" हे म्हणाले, "दाखवा." आणि त्याने खरोखर कपाट उघडल्यावर मागच्या बाजूला त्या गोळ्यांचं एक पाकीट निघालं. तेव्हा ते जिंकल्याच्या आनंदात असतील असं कोणाला वाटेल. ते घरी जाईपर्यंत धुमसत होते. "माझ्या आधी आला असेल एखादा गरजू," ते म्हणत होते, "तो 'बरं' म्हणून परत गेला असेल."

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "उघड आधी," ते म्हणायचे, "मग ठरवू किती लाखाची ते."

मला वाटायचं, माणूस थोडा चक्रम आहे. महाडात वाढलेली, कॉलेजात पहिली आलेली मी. मला त्या टिंबामागे काही जळत असेल असं कशाला वाटेल? मग एका मे महिन्यात त्यांनी दोन दिवस रजा घेतली आणि परत आले ते सोललेल्या नाकाने, उन्हात उभे राहून राहून. झालं होतं असं, की उन्हाळ्यात पाण्याचे टँकर जातात त्या गावांच्या यादीत त्यांच्या गावाचं नाव होतं, पण त्यांची बौद्धवाडी गावापासून वर, पाऊण किलोमीटर चढावर. टँकर गावाच्या विहिरीपाशी रिकामा व्हायचा. यादी करणारा कारकून त्यांना म्हणाला, "वेगळी नोंद नाही तुमची. गावात धरलेलीच आहे की!"

"गावात धरलेली आहे," सर माझ्यापुढे उभे राहून म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. "कळतंय का गो तुला? आम्ही गावात धरलेले आहोत. फक्त यादीत येत नाही."

दर मार्चमध्ये ते चवदार तळ्यावर जाण्यासाठी एक दिवस रजा टाकायचे. कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत तो दिवस नव्हता, आणि रजेच्या अर्जावर ते कारणापुढे दर वर्षी लिहायचे, 'यादीत न दिसणारी सुट्टी'. एचआरवाले तो अर्ज एकमेकांना दाखवून हसायचे. मीही हसले आहे. हे लिहून ठेवलं पाहिजे.

आता त्यांच्या आणि माझ्यातल्या भांडणाकडे येते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

सर्व्हरवर दोन तऱ्हेने शिरता यायचं. एक साधं खातं, आणि एक 'रूट', म्हणजे मालकाचं, ज्याला सगळे अधिकार. आमच्या त्या जुन्या युनिक्सची आणखी एक खोड होती. साध्या खात्यातून यादी मागितली तर टिंबाच्या फाइली लपायच्या. पण रूटमधून नुसती यादी मागितली तरी त्या आपोआप दिसायच्या. काही वेगळं लिहायची गरज नाही. मालकाला न मागता सगळं, नोकराला मागितलं तरच. मी आळशी. मी कायम रूटमधूनच काम करायचे. सर ओरडायचे, "रूटमधून बघायची सवय लावून घेऊ नकोस! तुला वाटायला लागेल की सगळ्यांना एवढंच दिसतं!" मी म्हणायचे, "बरं सर," आणि पुन्हा तेच करायचे. भांडणही कसलं, त्यांचा आरडाओरडा आणि माझं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडणं.

मग मार्च महिन्यात रिअॅक्टरच्या मजल्यावर वायू गळला. सुरेश नावाचा कंत्राटी ऑपरेटर आणि त्याचा जोडीदार, दोघंही त्यात सापडले. जोडीदाराच्या डोळ्यांवर बेतलं आणि सुरेशची फुप्फुसं भाजली. तीन दिवसांत कंपनीने ठरवून टाकलं की सुरेशने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला म्हणून गळती झाली. सुरेश तेव्हा हॉस्पिटलात नळ्या लावून पडला होता. चूक त्याची ठरली तर त्याची नोकरी तर जाणारच होती, वर जोडीदाराचे डोळे घालवल्याचं पाप आयुष्यभर त्याच्या नावावर राहणार होतं.

चौकशी समितीने आमच्या विभागाला एकच प्रश्न पाठवला: त्या दिवसाआधी सेन्सरने गळतीचा इशारा दिल्याची नोंद आहे का? इशारा आधीपासून असेल तर गळती जुनी, आणि सुरेश निर्दोष. उत्तर दुपारी चारपर्यंत हवं होतं. त्या दिवशी सर तळ्यावर गेले होते, फोन बंद. रूटचा पासवर्ड जनरल मॅनेजरांनी 'चौकशी होईपर्यंत' स्वतःकडे घेतला होता. मी साध्या खात्यातून शिरले, सेन्सरच्या फोल्डरमध्ये गेले, 'एलएस' टाइप केलं. रोजची एक अशा फाइली ओळीने आल्या. सगळ्या उघडून पाहिल्या. सगळीकडे 'चालू, ठीक'. मी कंपनीच्या कागदावर लिहिलं, 'अशी कोणतीही नोंद नाही', सही केली आणि चार वाजायच्या आत देऊन आले. वेळेत काम झालं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं!

दुसऱ्या दिवशी सरांनी पत्राची प्रत वाचली. मला वाटलं, आता आकाश फाटणार. त्यांनी फक्त विचारलं, "कुठल्या खात्यातून बघितलंस?"

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळलं.

सेन्सरसोबत आलेलं जाडजूड पुस्तक आख्ख्या कंपनीत एकट्या सरांनी वाचलं होतं. अलार्म वाजला आणि कोणी बटण दाबून तो बंद केला, तर त्याची नोंद रोजच्या फाइलमध्ये जात नाही. वेगळ्या फाइलमध्ये जाते, आणि तिच्या नावाची सुरुवात टिंबाने होते. ती बनवणाऱ्याला वाटलं असणार, कशाला यादीत गर्दी! त्याआधी आमच्याकडे कोणी अलार्म बंद केलाच नव्हता, म्हणून ती फाइल मी कधी पाहिली नव्हती. सरांनी माझ्याच खात्यातून 'मायनस ए' लावून यादी काढली. आपोआपच्या त्या दोन नोंदींखाली लगेच ती फाइल. शेवटची तारीख गळतीच्या आदल्या दिवसाची.

"सर, मी लगेच दुसरं पत्र देते," मी म्हणाले.

"तू दिलेल्या पत्राला ते धरून बसतील. दुसरं फाडतील." ते खुर्चीत बसले. "'नाही' असं लिहिलंस. 'मला दिसली नाही' असं लिहिलं असतंस, तर दार उघडं राहिलं असतं. एक शब्द गो. एक शब्द."

त्यांनी समितीकडे पाच मिनिटं मागितली. मिळाली ती गंमत बघायला म्हणून. टिंबेसाहेब आता टिंबावर बोलणार, असं म्हणत लोक कॉन्फरन्स रूममध्ये खुर्च्या ओढून बसले. जीएम तर सुरुवातीलाच म्हणाले, "तुमच्या मायनस-बियनसवर माझा विश्वास नाही. तुम्ही काय टाइप कराल आणि काय दाखवाल, कोणाला कळणार आहे?"

"बरोबर आहे साहेब," सर इतक्या नम्रपणे म्हणाले की मी दचकले. "माझ्या हातावर विश्वास नकोच. तुमच्याकडे रूट आहे. तुम्हीच शिरा, तुम्हीच यादी काढा. मायनस नको, काही नको. नुसती यादी. फाइल नसेल तर मी राजीनामा देतो."

जीएम खुशीत आले. तरुणपणी आपणही कॉम्प्युटरवर बसायचो, असं सांगत त्यांनी बाह्या सरसावल्या. पासवर्ड टाइप करताना सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं. प्रोजेक्टर चालू झाला. त्यांनी मोठ्या झोकात 'एल', मग 'एस' दाबलं.

मालकाच्या खात्याला मशीनने न मागता सगळं दाखवलं. भिंतीवर पहिल्याच ओळीत ते टिंब आणि त्याच्यामागे ती फाइल.

"उघडा साहेब," सर म्हणाले.

ते उघडेनात. युनियनचा माणूस ओरडला, "उघडा की!" मग उघडावी लागली. गळतीच्या आधीचे चार दिवस, आणि त्या चार दिवसांत तेरा वेळा अलार्म वाजलेला. तेराही वेळा बंद केलेला, सुपरवायझरच्या केबिनमधल्या बटणावरून. जीएमनी प्रोजेक्टरची वायर ओढली आणि म्हणाले, "ही सिस्टीमची फाइल आहे, नोंद नव्हे. चहा मागवा."

मी सरांना हसताना दोनदा पाहिलं म्हणाले ना, त्यातली ही वेळ नव्हे.

चार दिवसांनी बैठकीचं इतिवृत्त सहीसाठी फिरलं. 'समितीने संगणकावरील नोंदींची पाहणी केली. वेगळी नोंद आढळली नाही.' सोबत जोडपत्र म्हणून माझं पत्र. हजर असलेल्या पाच जणांनी सह्या केल्या होत्या. युनियनच्या माणसानेही! आदल्या दिवशी त्याच्या मुलाला कंपनीत घेतल्याची चर्चा होती. सर निमंत्रित म्हणून त्यांच्या सहीला जागाच नव्हती. उरली होती एक रेघ, विभागातर्फे माझ्या नावाची. सर निवृत्तीनंतर मुदतवाढीवर होते, आणि ती मुदतवाढ नेमकी त्याच आठवड्यात संपवण्यात आली. ते खणातल्या वस्तू पिशवीत भरत होते.

मी कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "सर, काय करू?"

"मला विचारतेस?" ते असे कडाडले की बाहेर जाणारा शिपाई थबकला. "भिंत बघितलीस ना? डोळे कोणाचे, माझे की तुझे? मी सांगितलं म्हणून लिहिणार असशील तर नको लिहूस! उद्या दुसरा कोणी सांगेल, त्याचंही लिहिशील!"

मला इतका राग आला. नोकरी माझी जाणार होती, आणि ओरडा मलाच! त्या रागातच मी तिथल्या तिथे, त्यांच्या अर्ध्या रिकाम्या टेबलावर कागद ठेवून लिहिलं: 'फाइल होती. सर्वांसमोर भिंतीवर पाहिली. माझं आधीचं पत्र चुकीचं आहे. मी नीट पाहिलं नव्हतं.' सही केली. झेरॉक्स काढून एक प्रत स्वतः पोस्टात जाऊन कारखाने तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला रजिस्टरने पाठवली. खोटं बोलणार नाही, ही शूराची सही नव्हती. सरांवरच्या संतापाची होती.

जीएमनी मला बोलावून विचारलं, "हे कोणाच्या सांगण्यावरून?" पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली, किंवा सोडायला लावली, काय म्हणायचं ते म्हणा. पण त्याआधी, त्याच उन्हाळ्यात, सरकारी माणूस आला, फाइल निघाली, आणि महिनाभराने सुरेशवरचा ठपका मागे घेतल्याचं पत्र निघालं. त्यातही शब्द काय, तर 'संशयाचा फायदा देऊन'. तेरा वेळा वाजलेल्या अलार्मनंतर संशय! सुपरवायझर आजही तिथेच आहे. स्मरणिकेत त्याचा फोटो आहे.

ते पत्र द्यायला मी आणि सर बिरवाडीला गेलो. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. नाक्यापासून शंभर पावलांवर भाड्याच्या खोल्यांची रांग, त्यातली तिसरी सुरेशची. तो भिंतीला उशी लावून बसला होता. वय छत्तीस, आणि एक वाक्य बोलायला दोनदा थांबत होता. त्याच्या बायकोने चहा ठेवला. मी पत्र वाचून दाखवलं आणि मग सगळं सांगितलं. टिंब, फाइल, रूट, भिंत. माझं पहिलं पत्रही सांगितलं. सर मध्ये मध्ये तांत्रिक दुरुस्त्या करत होते. चार दिवस अलार्म वाजत होता हे आम्ही कसं शोधून काढलं ते सांगताना, खरं सांगते, आमच्या आवाजात थोडी ऐट होती.

सुरेश ऐकत राहिला. मग म्हणाला, "चार दिस वाजत व्हता, ते मला म्हाईत हाय की, म्याडम. मीच सायबाला सांगत व्हतो, बंद नका करू." तो थांबला, श्वास घेतला. "हास्पिटलात शुद्ध आली तवापास्नं मी बोलू शकत व्हतो. मग दोन म्हयने इथंच बसून हाय. तुमी मशीनला इचारलंत. मला कोन इचारायलाच आला नाय."

त्याची बायको दारात उभी होती. ती आत निघून गेली.

सरांनी कप खाली ठेवला. इतके दिवस त्यांनी मशीनवर, पत्रावर, इतिवृत्तावर आग पाखडली होती, आणि सरकारी कचेरीत खेटे घालताना त्यांची बस दर वेळी याच नाक्यावर थांबायची. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"मी पण नाय रे इचारलं," ते म्हणाले.